दोन माणसांचं काम

४ मार्च, सोमवार

आज त्यांनी माझे केस धरले. मुळापासून. मूठभर गेले — अगदी खरोखर मूठभर. त्यांच्या बायकोने, वहिनींनी, नंतर त्यांच्या बोटांतून एकेक सोडवून काढले.

सतरा वर्षं हे काम करतेय. पेशंटने केस धरले तर मागे ओढायचं नाही. उलट त्याचाच हात आपल्या डोक्यावर घट्ट दाबायचा, पकड आपोआप सुटते — हे मी नव्या मुलींना शिकवते! आज सगळं विसरले. किंचाळले आणि ओढलं. मग त्यांनी दुसऱ्या हाताने कानाखाली वाजवली. चष्मा पलंगाखाली. कानात अजून शिट्टी चालू आहे.

दोष त्यांचा नाही. हे आत्ताच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच विसर पडेल. क्रेन चालवायचे ते, उंच इमारतींच्या कामावरची. मी मनातल्या मनात त्यांना क्रेनवालेच म्हणते. तीन वर्षांपूर्वी जेवायला खाली उतरले आणि वरून लोखंडी कप्पी डोक्यात पडली. मेंदूचा पुढचा भाग गेला — माणसाला आवरून धरणारा. कधी थांबायचं कळत नाही, किती जोर लावायचा कळत नाही. कागदी पेला हातात दिला की चोळामोळा. शंभर किलोचा माणूस. बोलणं चार-पाच शब्दांचं, त्यातल्या तीन शिव्या.

अशा माणसाला पलंगावरून चाकाच्या खुर्चीत घेणं हे दोन माणसांचं काम. आजवर माझ्याबरोबर आमच्या सेंटरचा मदतनीस असायचा. त्याला सगळे पैलवान म्हणतात. तो मागून काखेत हात घालायचा, मी गुडघे सांभाळायची. एक तारखेपासून नवा नियम — एका घरी एकच माणूस. अपंग सहाय्य निधीचं पत्र आलंय : ‘दुहेरी भेटी अनावश्यक आढळल्या आहेत.’ कोणाला आढळल्या? कुठे बसून?

घरी सांगितलं, गाडीचं दार लागलं. नवरा ड्रायव्हिंग शिकवतो. त्याला गाडीच्या दाराच्या थापा मारू नयेत. “कुठल्या गाडीचं?” म्हणाला. मी भांडी घासायला घेतली.

५ मार्च, मंगळवार

सेंटरमध्ये बैठक. मोठ्या मॅडमनी पत्र पुरं वाचून दाखवलं. सगळ्या पेशंटची नव्याने पाहणी. निधीचा अधिकारी घरी येणार, चाळीस मिनिटं बसणार, त्याला जे दिसेल त्यावर मदतनिसाचे तास ठरणार. आमचे अहवाल ‘पूरक’. म्हणजे कोशिंबीर!

मी विचारलं, “पेशंटने हात उचलला तर कुठे नोंदवायचं?”

“कोणी उचलला तुझ्यावर?”

“कोणी नाही. आपलं विचारतेय.”

मॅडमनी माझ्या कानाकडे पाहिलं. जरा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “नोंदवलंस तर घर धोक्याच्या यादीत जातं. यादीतल्या घरी आपला माणूस पाठवायचा नाही, भेटी बंद. नाही नोंदवलंस तर पेशंट शांत. आणि शांत पेशंटला तास कशाला हवेत?”

“म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर.”

“विहिरीत पाणी तरी असतं गं.”

कोणी हसलं नाही. मी नोंदवलं नाही.

७ मार्च, गुरुवार

पैलवानाला कमी केलं. गोदामात लागलाय, पोती उचलायला. “पोती चावत नाहीत, ताई,” म्हणाला. हसत म्हणाला, आणि मग मुतारीकडे जाऊन रडला. दारातून ऐकू येत होतं.

११ मार्च, सोमवार

वहिनींच्या उजव्या मनगटाला प्लास्टर. “न्हाणीघरात घसरले.”

मी स्वतः आठवडाभर गाडीचं दार सांगतेय. मला काय कळत नाही?

आत गेले. ते खुर्चीत, आणि खुर्चीला बांधलेले. कमरेचे तीन पट्टे एकमेकांत अडकवून — एक पोटावर, दोन मांड्यांवर. मांडीवर काळेनिळे वळ. पट्ट्याच्या जागी नाही, भलतीकडेच.

“हे कशाचे?”

“झाडूच्या दांड्याचे.” वहिनी डोळ्याला डोळा देऊन म्हणाल्या. लपवालपवी नाही.

“मारता तुम्ही त्यांना?”

“तुम्ही आठवड्यातून दोनदा येता, दीड-दीड तास. बाकीचा आठवडा मी आहे. ते मारतात तेव्हा काय करू, अंगाई म्हणू?”

मी आवाज चढवला. बांधून ठेवणं गुन्हा आहे, रक्त अडतं, कातडी सोलवटते, माणूस आणखी बिथरतो — पाठ असलेलं सगळं बोलले. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं. मग बाजूला झाल्या. “सोडा.”

सोडलं. मिनिटभर नुसते बसले. मग टेबल उलटं. मग वहिनींच्या प्लास्टरवरच ठोसा — त्या मटकन खाली बसल्या, आवाजसुद्धा निघाला नाही. मी मागून धरलं, भिंतीवर आपटले. ते खुर्चीतून निम्मे घसरले होते; कशाबशा दोघींनी मिळून त्यांना परत वर घेतलं आणि परत बांधलं. तिसरा पट्टा मी आवळला. ह्याच हातांनी. तेवढ्यात त्यांनी माझ्या मनगटाचा चावा घेतला. आणि मी —

लिहू का? लिहिते. इथे नाही तर कुठे?

मी कोपर मारलं. तोंडावर. सोडवून घ्यायला नाही. सुटले होते मी. नंतर मारलं. ओठ फाटला त्यांचा, दात लाल झाले. ते माझ्याकडे बघत राहिले.

रक्त पुसलं. बर्फ लावला. सेंटरच्या वहीत लिहिलं — ‘सत्र समाधानकारक.’

१२ मार्च, मंगळवार

धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. नर्स म्हणाली, “कुत्रं का?” मी हो म्हणाले.

१४ मार्च, गुरुवार

आज एका वडिलांनी सेंटरच्या मोठ्या काचेवर खुर्ची फेकली.

सहा वर्षांची मुलगी आहे त्यांची, हातपाय आखडलेले. काल तिची पाहणी झाली. मुलगी स्वतः चमचा धरून तोंडापर्यंत नेते, सबब तास निम्मे. चमचा धरायला मी शिकवलंय तिला! आठ महिने. चमच्याच्या दांड्याला रबर गुंडाळ, कोपराखाली उशी दे, भरव, सांडव, पुन्हा भरव. पहिला घास स्वतःचा स्वतः घेतला तेव्हा ह्याच वडिलांनी माझे हात धरून डोळे पुसले होते.

आज ओरडत होते, “कशाला शिकवलंत? कोणी सांगितलं होतं?”

मॅडमच्या कपाळाला काच लागली. रक्त भुवईवरून खाली. पोलिसांना फोन झाला. ते येईपर्यंत हा माणूस जमिनीवर बसून काचा गोळा करत होता. तळवे रक्ताळलेले. “राहू द्या हो,” म्हटलं. म्हणाले, “पोरं रांगतात इथे. कोणाच्या तरी गुडघ्यात जाईल.”

पोलीस घेऊन गेले.

१५ मार्च, शुक्रवार

लेकीला मारलं.

कारण? दूध उतू गेलं आणि ती फोनवर हसत होती. चौदा वर्षांची आहे. आजपर्यंत एक चापट नाही. आज लागोपाठ तीन. तिसरीच्या वेळी मला कळत होतं की थांबायला हवं आणि हात थांबत नव्हता. कप्पी माझ्या डोक्यात नाही पडलेली!

ती म्हणाली, “पेशंटना तर सोन्या-राजा करतेस.”

नवऱ्याने माझा हात धरला. बाही वर सरकली, चाव्याची खूण दिसली. “हे पण गाडीचं दार का?”

सगळं सांगितलं. एका दमात. कोपराचंसुद्धा.

१६ मार्च, शनिवार

तो म्हणतो नोकरी सोड. मी म्हणते, मी सोडली तर तिथे वहिनी आणि झाडूचा दांडा एवढंच उरतं. दिवसभर अबोला. संध्याकाळी विचारलं त्याने, “तो माणूस आधी काय काम करायचा?” सांगितलं. “कसं चालवायचा?” मला माहीतच नव्हतं! तीन महिने जातेय त्या घरी, मान कशी धरतो, गुडघा किती वाकतो, सगळं कागदावर आहे. आणि काम कसं करायचा हे विचारलं नाही. म्हणे ऑक्युपेशनल थेरपिस्ट, कामातून उपचार करणारी! लोक आम्हाला मालिशवाली समजतात ते काही उगीच नाही.

लेक बोलत नाही. बरोबरच आहे.

१८ मार्च, सोमवार

वहिनींना विचारलं. त्यांनी खुर्चीत बसून करूनच दाखवलं — दोन्ही हातांत दोन दांडे, एकाने वर-खाली, एकाने डावं-उजवं. प्लास्टरच्या हातानेसुद्धा नीट दाखवलं. “लग्नानंतर एकदा वर नेलं होतं मला. खाली बघू नको म्हणाले. ह्यांच्या हाताकडेच बघत बसले मी. इतका मोठा माणूस, पण दांडा असा हलवायचे, की मुंगीलाही धक्का लागू नये.”

ते ऐकत होते की नाही कोण जाणे. नखं बघत होते.

२० मार्च, बुधवार

नवऱ्याने भंगारातल्या गाड्यांचे दोन गिअरचे दांडे आणले. माझ्या पिशवीशेजारी नुसते ठेवले. मी मांडीवर बसेल अशी जाड फळी घेतली, त्यावर दांडे बसवले. दोरी, दोन कप्प्या, खिडकीच्या गजाला अडकवायचे आकडे, वाळूची छोटी बादली. डावा दांडा ओढला की बादली वर. उजवा फिरवला की बाजूला. लेक आपण होऊन आली आणि दोरीच्या गाठी मारून दिल्या. सॉरी म्हटलं तिला. “हं,” म्हणाली. हं म्हणजे अर्धं.

२२ मार्च, शुक्रवार

चालली!! फळी चालली!

पहिल्या झटक्यात बादली छताला. वाळू आमच्या सगळ्यांच्या डोक्यात. वहिनी दाराआड पळाल्या. दुसऱ्यांदा तेच. मी पाठीमागे उभी, मान खाली, मार खायच्या तयारीत. तिसऱ्यांदा त्यांनी बादलीकडे पाहिलं. मग दांड्याकडे. मग बोटं सैल केली. सैल! बादली हळूहळू वर गेली, थांबली, बाजूला वळली आणि टेबलावर उतरली. ठक् असा आवाजसुद्धा नाही.

पावणेदोन तास एकही शिवी नाही. पट्टे खुंटीवर.

निघताना वहिनी जिन्यापर्यंत आल्या. माझ्या केसांतली वाळू झटकली फक्त.

२८ मार्च, गुरुवार

सहा दिवस — एकही फटका नाही. कालच मी वहिनींना दुपारी अर्धा तास झोपा म्हटलं तर तीन तास झोपल्या. मी बसून राहिले, वेळ सेंटरच्या हिशेबात न धरता.

आज पत्र हातात दिलं त्यांनी. पाहणी ४ एप्रिल, सकाळी अकरा.

दोघींच्या मनात एकच आलं असणार. कोणी बोललं नाही.

१ एप्रिल, सोमवार

आज बोललं गेलं.

वहिनी भाजी चिरत होत्या. मी ओट्याला टेकून. ते स्वयंपाकघराच्या दारात, खुर्चीत.

“गुरुवारच्या माणसाला हे असे दिसले तर?” वहिनी म्हणाल्या.

“असे दिसले तर एक वेळचा माणूस मिळेल. दोन तास. कदाचित तेही नाही.”

“आणि फळीचा कंटाळा आला ह्यांना, की मग?”

असं होतं. पुष्कळदा होतं. तीन महिन्यांनी जादू उतरते आणि मग नवीन काहीतरी शोधावं लागतं, आणि शोधायला माणूस लागतो.

“तुमच्या अहवालात लिहा ना मारतात म्हणून.”

“लिहिलं तर मला यायला बंदी.”

सुरी थांबली. “मग त्या दिवशी त्यांनी मारलं पाहिजे. त्याच्यासमोर.”

मी नाही म्हणायला हवं होतं. मी काय म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते, शिक्षा म्हणून. मी म्हणाले, “मला मारलं तर घर यादीत जाईल. अधिकाऱ्याला मारलं तर पोलीस. तुम्हालाच मारायला हवं.”

“मग मलाच,” वहिनी म्हणाल्या. “एक फटका. सवय आहे मला. एका फटक्यात वर्षभराची माणसं मिळणार असतील तर स्वस्तच पडलं.” आणि हसल्या! मीही हसले. देवाशपथ हसले.

ठरलं असं — फळी मी आदल्या दिवशी घेऊन जायची. फळी नाही म्हटल्यावर बिथरतीलच.

२ एप्रिल, मंगळवार

पूरक अहवाल भरला. आकलन — दहापैकी दोन. ‘बोललेले समजत नाही, संभाषणाचा अर्थ लागत नाही.’ खरं तर मी मोजलेलंच नाही. माणूस उत्तर देत नाही, तर मोजायचं कसं? कमी लिहिलेलं तासांच्या दृष्टीने बरं.

३ एप्रिल, बुधवार

फळी आणली. गजाचे आकडे सोडवत होते तेव्हा ते माझ्या हातांकडे बघत होते. अडवलं नाही. ओरडले नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील.

गाडीत मागच्या सीटवर ठेवलीय. वर चादर टाकली. कोणापासून लपवतेय?

४ एप्रिल, गुरुवार

अक्षर लागलं नाही तरी चालेल.

अधिकारी वेळेवर आला. सभ्य माणूस. बूट दारात काढले. “घाबरू नका, मी फक्त बघणार,” म्हणाला. पाणी घेतलं. क्रेनवाले खिडकीशी, मोकळे. पट्टे आम्ही आधीच कपाटात टाकलेले.

दहा मिनिटं. वीस. ते नुसते बसून. अधिकाऱ्याने हात उचलायला सांगितला, त्यांनी उचलला. पेन दिलं, धरलं — मोडलं नाही! मी मनात म्हणतेय, शाबास. आणि लगेच, नको, नको. वहिनींनी मुद्दाम ताट आपटलं. मुद्दाम त्यांची उशी काढून घेतली. काही नाही.

पस्तिसाव्या मिनिटाला अधिकाऱ्याने फाइल मिटली. “चांगली सुधारणा आहे हो. तुमचं कौतुक करायला हवं, मॅडम.”

वहिनी त्यांच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. हात बाजूला सोडून. तोंडाने एक अक्षर नाही.

त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग वहिनींकडे. मग खुर्चीच्या हाताला धरून उठले — एकटे उठले! तीन महिन्यांत कधी उठले नव्हते — आणि मारलं.

एकच. मूठ वळून. तो आवाज मी कधीही ऐकला नव्हता, ओलं लाकूड मोडावं तसा. वहिनी टेबलाच्या कोपऱ्यावर गेल्या आणि तिथून खाली. डावा गाल आत गेला होता. डोळा — डोळ्याचं लिहवत नाही. अधिकारी “अरे! अरे!” एवढंच म्हणत भिंतीला चिकटला. मी वहिनींचं डोकं मांडीवर घेतलं. माझा पंजाबी ड्रेस पोटापर्यंत भिजला. आणि ते उभेच. गुडघे लटपटताहेत पण उभेच. मग जमिनीवर बसले आणि स्वतःचा तो हात फरशीवर आपटायला लागले. एकदा, दोनदा, दहादा. बोटं मोडेपर्यंत. मी ओरडून थांबवत होते. उठून धरता आलं असतं त्यांना, पण मांडीवर डोकं होतं. दोन माणसांचं काम होतं ते.

५ एप्रिल, शुक्रवार

गालाचं हाड तीन ठिकाणी. डावा डोळा गेला. जबडा तारांनी बांधलाय.

ते सरकारी इस्पितळात, कुलूपबंद वॉर्डमध्ये. हाताला प्लास्टर, दुसरा हात पलंगाला बांधलेला. तिथे पट्टे चालतात!

८ एप्रिल, सोमवार

वहिनींना शुद्ध आहे. बोलता येत नाही, कागद मागितला. मला वाटलं मला शिव्या लिहितील. लिहिलं —

‘तास मिळाले?’

१२ एप्रिल, शुक्रवार

मिळाले. दिवसा दोन माणसं, रात्री एक. वर्षभर. ‘पाहणी अधिकाऱ्याने समक्ष पाहिलेली घटना विचारात घेऊन.’ पैलवानाला परत बोलावलंय. तो बिचारा पेढे आणायचे म्हणत होता, मी त्याच्यावर खेकसले.

माणसं मिळाली आणि घरात कोणी नाही.

१५ एप्रिल, सोमवार

मोठ्या मॅडमना सगळं सांगितलं. फळी, ओटा, सगळं. कपाळावरची जखम खाजवत ऐकलं त्यांनी. “मला सांगितलंस, ठीक. कागदाला सांगू नकोस. तुझं लायसन्स जाईल, आणि त्यांचं काही भलं होणार नाही.”

मी म्हटलं, कागदालाच सांगणार. ते मुळात शांत होते, मी फळी काढून घेतली म्हणून बिथरले, हे लिहिलं नाही तर त्यांना कधी घरी सोडणार नाहीत.

मॅडम म्हणाल्या, “चहा घे.” हा त्यांचा होकार असतो की नकार, सतरा वर्षांत कळलेलं नाही.

१७ एप्रिल, बुधवार

जबाब लिहून झाला. तीन पानं. नवऱ्याने वाचला, दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि पाठीवर हात ठेवला. लेकीने स्वतःहून डबा भरला माझा.

वॉर्डचे डॉक्टर म्हणतात, मुद्दा एकच. जाणूनबुजून मारलं की नाही. जाणूनबुजून नसेल तर घरी जाऊ शकतात. वहिनींना ते घरी हवेत. एका डोळ्याने बघत, मान हलवून हलवून सांगतात, हवेत.

मी लिहिलंय : ‘आजूबाजूला काय बोललं जातं याचं त्यांना आकलन नाही. फळी काढून घेतल्याच्या अस्वस्थतेतून हा आघात घडला. दोष संपूर्णपणे माझा.’

उद्या देणार. आज चार दिवसांनी झोप लागेलसं वाटतंय.

१८ एप्रिल, गुरुवार

जबाब द्यायच्या आधी वॉर्डमध्ये त्यांना बघायला गेले. जवळ बसले. बराच वेळ ते माझ्याकडे बघत होते. मग ओठ हलले. एकेक शब्द ओढून काढत, पण स्पष्ट —

“तुम्ही... म्हणालात. तिलाच... मार.”

त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानात जात होतं.

“हळू... मारणार होतो.”